तुमच्या गाडीला बैल लावले त्याबद्दल

आदिलाबाद,
डिसेंबर १९९३

आदरणीय सुधाकरराव दादा यांना खुशालचा सविनय जयभीम.

तुमची, वहिनींची आणि गाडीची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. (गाडीचे नाव शेवटी आले, पण काळजी त्या क्रमाने नाही.) इकडे बाबांच्या प्रकृतीला उतार आहे असे पत्रात लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून तसे लिहितो. डॉक्टर तसे म्हणत नाहीत. ते बाबांच्या पोटावर हात ठेवतात, खिडकीबाहेर बघतात आणि मागतील ते खायला द्या म्हणतात. बाबा खायला काही मागत नाहीत. ते एकच गोष्ट मागतात, तिच्याबद्दल शेवटी लिहीन. आधी गाडी, कारण लक्ष्मणराव ती घेऊन बेल्लमपल्लीला पोचला असेल आणि पुढच्या बंपरवरच्या दोराच्या खुणा तुम्ही पाहिल्या असतील. लक्ष्मणराव ड्रायव्हर म्हणून शांत आहे, साक्षीदार म्हणून तापट आहे. त्याने तुम्हाला जे सांगितले असेल ते सगळे खरे आहे. मी फक्त ते ओळीने लावतो.

बाबांना आदिलाबादच्या दवाखान्यात न्यायला तुम्ही पाठवलेली गाडी आमच्या गावी आली तेव्हा तिची टाकी तळाला लागली होती. मुधोळच्या पंपावर डिझेल नव्हते. चंपतरावांच्या (बाबांनी ज्यांच्या शेतात सालदारी केली ते) कापसाच्या कोठ्यात पाण्याच्या इंजिनासाठी एक ड्रम असतो. बाबांचे नाव काढताच त्यांनी डिझेल दिले. ड्रम आतून गंजला होता. आपल्या दादाची गाडी, तिच्या पोटात घाण जायला नको, असा विचार करून घरातल्या एका व्यक्तीने नरसाळ्यात कापसाचा बोळा बसवला. (त्या व्यक्तीचे नाव मी लिहीत नाही. ती तुमची सख्खी बहीण आहे.) आमच्या भागाचा कापसावर विश्वास आहे. दुखत्या कानात कापूस, दिव्यात कापूस, मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस. गाडीनेच काय पाप केले होते? बोळा भिजला, सैल झाला आणि डिझेलबरोबर खाली गेला. दुसरा बसवला, तोही गेला. बोळे घाण पकडून खर्ची पडत आहेत, असे आम्हाला वाटले. लक्ष्मणराव त्या वेळी आत चहा घेत होता. चहा चांगला झाला होता म्हणून त्याने दुसरा कप घेतला, एवढा त्याचा दोष.

आम्ही अंधारातच निघालो. बाबांना ते आवडले नाही. 'चोरावानी काऊन चाललो?' असे त्यांनी दोनदा विचारले. डॉक्टर सकाळीच भेटतात, असे मी सांगितले. ते खरे होते, पण उत्तर नव्हते. ज्या गल्लीने आम्ही बाहेर पडलो तिथून, चंपतरावांच्या दारावरून, बाबा जन्मभर त्यांच्या बैलांच्या मागे पायी चालले. गाडीत बसून जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि पाहायला एक कुत्रे. तेही उठले नाही.

निर्मलपर्यंत गाडीने काही दाखवले नाही. तुम्हाला माहीतच आहे, सपाट रस्त्यावर सगळेच चांगले चालतात. निर्मलच्या पुढचा घाट सुरू झाला आणि गाडीचा जोर कमी होऊ लागला. लक्ष्मणरावने गिअर उतरवला. मग आणखी उतरवला. 'गुरुजी, रेस देऊन राह्यलो, पण गाडी घेऊन नाही राह्यली,' तो म्हणाला. मागच्या सीटवर बाबांचा श्वास अडकत होता, पुढे इंजिन. दोघांची लय एकच झाली. पंचफुला मधे, सासऱ्यांवर वाकून बसली होती आणि धाप कोणाची आहे हे तिला कळत नव्हते. शेवटी एका वळणावर इंजिन थांबले. बाबांचा श्वास चालू राहिला. दोन्हींपैकी एक थांबायचे होते तर योग्य ते थांबले, एवढाच विचार माझ्या मनात आला. मी उतरून चाकांमागे दगड लावले.

सागवानाची एक लॉरी मागून आली. तिच्या ड्रायव्हरने खाली न उतरताच निदान केले. 'फिल्टर चोक है. दम नहीं मिल रहा उसको.' मी मागची सीट दाखवली. त्याने बाबांकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि म्हणाला, इथे वळणावर बॉनेट उघडू नका, वरून येणाऱ्या गाड्यांना तुम्ही दिसणार नाही, माथ्यावर नेऊन फिल्टर साफ करा. न्यायचे कसे, हे मात्र त्याने सांगितले नाही. त्याची स्वतःची लॉरीच लाकडाखाली कण्हत होती. डॉक्टर आणि लॉरीवाला यांच्यात मला फारसा फरक दिसला नाही. दोघांनाही काय झाले ते कळले होते, आणि दोघांनाही पुढे जायचे होते.

मग निर्मलला कापूस टाकून परत जाणारी एक रिकामी बैलगाडी खालून आली. गाडीवान माथ्यावरच्या गावचा होता. अर्धे तेलुगू, अर्धे मराठी बोलणारा. त्याने आमच्याकडे पाहिले, आपली बैलगाडी कडेला लावली आणि बैल जू घेऊन पुढे आणले. कापसाच्या गाठोड्यांवरचा दोर बंपरला बांधला. लक्ष्मणरावचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही. त्याने कलेक्टर ऑफिसची जीप चालवली आहे.

इथून पुढचे मी पाहिले नसते तर लक्ष्मणरावने सांगितल्यावरही मला खरे वाटले नसते. बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले आणि बाबांनी डोळे उघडले. त्यांनी पंचफुलाला काच खाली करायला लावली, स्वतः सरकून खिडकीशी बसले (गावाहून निघताना त्यांना आम्ही उचलून ठेवले होते) आणि डोके बाहेर काढले. गाडीवान पांढऱ्या बैलाला हाणत होता. बाबा त्याला म्हणाले, 'त्या पांढऱ्याले काऊन मारतं? तो तं ओढून राह्यला. डावा चोर हाये.'

गाडीवान म्हणाला, 'बुढा, तू गाडीत बसला का बैलावर?'

'दोनीवर. तू बाजूले हो.'

आणि दादा, त्यांनी बैल हाकले. खिडकीतून. एक हात दाराला धरून, दुसरा बाहेर काढून, जिभेने तो आवाज करत जो मी लहानपणी बांधावर ऐकत असे. डाव्या बैलाने कान मागे केले आणि मान घातली. गाडी हलली. लक्ष्मणराव स्टिअरिंगवर होता, पण हुकूम मागून येत होते. वळणावर त्याने हॉर्न वाजवला तर बाबांनी त्याला झापले, 'बैल बुजते ना, समजत नाही का तुले?' नंतर तो मला हळूच म्हणाला, 'गुरुजी, हे घरी कोणाले सांगू नका.' (मी घरी सांगत नाही. तुम्हाला लिहितो.) वरून एक बस आली. खिडक्यांमधून माणसे बाहेर वाकून हसली. बाबांनी त्या सगळ्यांना हात वर करून जयभीम केला. काहींनी परत केला. मी आणि पंचफुला मागून ढकलत होतो, आणि मागच्या काचेतून मला त्यांची मान दिसत होती. ती आजारी माणसाची नव्हती. मी अनेक वर्षे शाळेत शिकवतो, पण माझे कोणी इतके ऐकलेले मला आठवत नाही.

माथ्यावर लक्ष्मणरावने फिल्टर उघडला. आत कापूस होता. पिळून, काळा होऊन, दिव्याच्या वातीसारखा बसला होता. त्याने तो बोटांनी बाहेर काढला, पंचफुलाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, 'ताई, हे तुमचं.' फिल्टर धुतला, फुंकला, टाकीतून निघाला तेवढा कापूस काढला, पंप मारून हवा काढली. इंजिन चालू झाले. आम्हाला हायसे वाटले. बाबांना नाही. 'झालं का?' त्यांनी विचारले. गाडीवान बैल घेऊन खाली आपल्या गाडीकडे निघाला तेव्हा ते वळून त्याच्याकडे पाहत राहिले. दवाखान्यात वॉर्डातल्या प्रत्येकाला त्यांनी घाट सांगितला. रोज घाट थोडा चढा होतो आहे.

असो. बंपर वाकला आहे, तो मी सुट्टीत येऊन नीट करवून देईन. झाल्या प्रकाराबद्दल क्षमा असावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
खुशाल

ता. क. शेवटी लिहीन म्हणालो होतो ते राहिले. डॉक्टरांनी बाबांना घरी न्या म्हणून सांगितले. कशासाठी, ते मी विचारले नाही. इथे दवाखान्याची जीप मिळते, पण तिच्यात आडवे न्यावे लागते आणि बाबा आडवे जायला तयार नाहीत. तुमच्या गाडीत, खिडकीशी, बसून जायचे, आणि गावात दिवसा शिरायचे, अंधारात नाही, एवढे त्यांचे म्हणणे आहे. गाडी पुन्हा पाठवावी ही विनंती. डिझेल पंपावरचेच भरीन. लक्ष्मणरावला माझी शपथ सांगावी.

ता. क. दुसरा. दादा, मी पंचफुला. हे चहा आणाले गेले तोवर लिहून राह्यले. पंपाचंच डिझेल भरीन असं हे सांगतात, तसं नाही कराचं. मामाजींनी मले जवळ बोलावून सांगतलं का घरी जातांनी गाडी आपल्या गावच्या शिवेवर बंद पडली पाह्यजे. मंग चंपतरावाचे बैल जुपतीन, आन् त्यायच्या दारावरून मामाजी खिडकीतून हाकत नेतीन. हे त्यायनं पोराले नाही सांगतलं, मले सांगतलं. तो घाटातला कापूस मी धुऊन ठेवला हाये. पण किती टाकला म्हंजे गाडी कुठं थांबते ते मले समजत नाही. घाटात थांबली तं मामाजी तिथंच ऱ्हातीन. तुले गाडीचं समजते. शिवेवरच थांबाले पाह्यजे तं कापूस किती आन् कोणत्या गावी टाकाचा, तेवढं लिहून पाठव. गाडीसंगंच पाठव, पोस्टानं नको. तेवढा टाइम नाही. आन् लक्ष्मणरावाले दोन कप चहा लागते हे माह्या ध्यानात हाये.