इथं माणूस आहे

अण्णा, आई गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन करायला तिला विमानानं हैदराबादला नेलं होतं. तिथून ती परत आली नाही.

पण मला ऑपरेशनाचं नाही, विमानाचं सांगायचंय. दोघींचं तिकीट एकत्र काढलं म्हणजे जागाही शेजारीच मिळणार, असं मी धरून चालले होते. कंडक्टरची मुलगी ना! ओझरला विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, शेजारच्या सीटचा चार्ज वेगळा असतो. आता तर तशा सीट उरल्याच नाहीत." आई पुढे, मी पार मागे. आपल्याच आईशेजारी बसायचं वेगळं भाडं, अण्णा! कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?

सुट्टीत आई आणि मी तुमच्याच एसटीनं आजोळी कळवणला जायचो. आई खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि कोणी आलं की म्हणायची, "इथं माणूस आहे." तुम्ही चिडवायचात, "कंडक्टरची बायको अन् रुमाल टाकते!" एकदा गर्दीत एका बाईला पुढे जागा मिळाली आणि तिचं लेकरू मागे रडत राहिलं. तुम्ही बाईशेजारच्या माणसाला म्हणालात, "ओ पाव्हणं, उठा. माझ्या गाडीत मायलेकरू येगळं बसनार नाय." तो म्हणाला, "मी आधी बसलोय की." "मग त्याला मांडीवर घ्या अन् अंगाई म्हना." सगळी गाडी हसते आहे, तो माणूसही हसत उठतो आहे, आणि मला तुमचा केवढा अभिमान वाटतो आहे.

विमानात आईनं शेजारच्या सीटवर रुमाल ठेवला. विमान छोटं, मला मागून दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. एक गृहस्थ आले. "इथं माणूस आहे. माझी पोर यायचीय," आई म्हणाली. त्यांनी रुमाल उचलून तिच्या हातात दिला. "मावशी, ही सीट मी पैसे भरून घेतलीय." त्यांचंही काही चुकलं नव्हतं. मी उठायला गेले तर एअर होस्टेसनं पट्टा बांधून बसायला लावलं. आई सारखी मान वळवून मला शोधत होती. मग तिनं त्या एअर होस्टेसलाच मोठ्यानं सांगितलं, "आमच्या ह्यांना बोलवा ना. गाडीतच असतील. ते बसवतील पोरीला." तुम्ही नाही आहात, हे त्या गाठीनं तिला विसरायला लावलं होतं. मी ओढणी तोंडात कोंबून रडले.

हैदराबादला उतरल्या उतरल्या मी परतीच्या शेजारशेजारच्या दोन जागा पैसे भरून घेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आलीच नाही.

परतताना शेजारच्या रिकाम्या सीटवर मी तिचा रुमाल ठेवला. तेवढ्यात कडेवर मुलगी घेतलेली एक बाई आली. "ताई, हिची सीट पार मागे आलीय. इथं कोणी नसेल तर तुम्ही तिथं बसाल का? आम्ही दोघी बसू." पोर तिच्या गळ्याला घट्ट बिलगून होती. शेवटी मी दोन्ही जागा त्यांना दिल्या आणि मागे जाऊन बसले. तुम्ही असता तर हेच केलं असतंत.

हे पत्र घालायला पत्ता नाही, म्हणून एक सांगूनच टाकते. त्या बाईनं विचारलं तेव्हा मी लगेच उठले नाही. आधी रुमालावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथं माणूस आहे."