नैवेद्याआधीचा आंबा

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली, पण अक्षय्यतृतीयेला, तुझ्या शब्दांत आखितीला, तुझ्या नावाने घागर भरून आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आपल्या घरात अजूनही कोणी आंबा खात नाही. यंदा मी मात्र चार दिवस आधीच खाल्ला. म्हणजे प्यायले. पिंपळे सौदागरच्या एका कॉफीच्या दुकानात ऑफिसातल्या मैत्रिणीने बढतीची पार्टी दिली आणि सगळ्यांसाठी आंब्याचं ते बर्फात घुसळलेलं, वर क्रीम फेटून घातलेलं पेय मागवलं. अर्धा ग्लास संपल्यावर मला तुझं ताट आठवलं.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. घरातली पहिली पदवी माझी, ऑफिसात मी दहा जणांना काम समजावून देते, तरी तुझी एक सकाळ मनातून पुसली जात नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. गावच्या घरी तू रस पिळते आहेस आणि मी पातेल्यात बोट बुडवून चाटते. तू ओरडत नाहीस. पातेलं बाजूला सारतेस, हात धुतेस आणि नवे आंबे घेतेस. "आधी जे गेले त्येंचं, मग आपलं," एवढंच म्हणतेस. तो दुसरा रस होईपर्यंत मी उंबऱ्यावर बसून होते.

म्हणून यंदा ठरवलं, तुझ्या ताटात आमरसाच्या वाटीशेजारी ते पेयही ठेवायचं. आदल्या दिवशी आंब्याच्या फोडी फ्रीजरमध्ये ठेवल्या, थोडं दूधही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. सकाळी चिखलीच्या या स्वयंपाकघरात सगळं मिक्सरला लावलं, तर पातं अडकून नुसतं घरघरत राहिलं. गार दूध सोडत, थांबून थांबून फिरवलं तेव्हा कुठे ते दुकानातल्यासारखं दाट झालं. पण गोडीचं काय करायचं? नैवेद्याचं चाखायचं नाही, आणि हे आधी कधी केलेलं नाही. दोन चमचे साखर घातली. मग भीतीने आणखी दोन. वर क्रीम फेटून घातलं.

"ह्ये काय मांडलंय?" आप्पांनी ताट बघून विचारलं.

"आईसाठी."

"तिला ह्येचं नावबी घ्याया आलं नसतं."

नैवेद्य दाखवून होईतो क्रीमचा डोंगर खाली बसला होता. ग्लास आप्पांच्या हातात दिला आणि मला राहवेना. म्हटलं, "आप्पा, मी आईच्या आधी आंबा प्यायले. चार दिवसांपूर्वी."

त्यांनी एक घोट घेतला. मिशीला फेस लागला. "मग काय झालं? आमच्या चाकणच्या कंपनीत कँटीनला दर साली आखितीच्या आधीच आमरस आसतो. ताटात आल्यालं टाकू व्हय?"

"आईला माहीत होतं?"

"तर. वासावरनं वळखायची. म्हणायची, चूळ भरून घरात या, पोरीला कळू देऊ नका."

मी हसायला लागले ते थांबेचना. इतकी वर्षं मी तुला किती कडक समजत आले. आप्पांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, "लय ग्वाड झालंय. फुडच्या साली साखर कमी घाल." म्हणजे पुढच्या वर्षीही तुझ्या ताटात हे असणार.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील. फक्त आप्पांनाही न सांगितलेलं एक तुला सांगते. त्या दिवशी तुझं ताट आठवल्यावर मी ग्लास खाली ठेवला नाही. उरलेला अर्धाही प्यायले. फार छान लागत होतं, आई.