वेखंडातला साप

सूनबाई,

मी चिखलीला थोरल्या बहिणीकडे, गोजाक्काकडे चाललो आहे. हे खरं आहे, हसू नकोस.

विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याखालचं वेखंड तू काल गवतासकट उपटून ओढ्यात टाकलंस, त्यात तुझी चूक नाही. तिथं मिशीवाला साप राहतो आणि एकादशीला उपास करतो, असं मीच गावभर सांगितलं होतं. बायका मुळ्या खणून नेत, म्हणून. घरात खरं सांगायचं राहून गेलं आणि तू बाळासाठी घाबरलीस.

सहाणेजवळ बोटभर तुकडा उरला आहे. गुटीत त्याचे दोनच वेढे दे. बाळ पोट दुखून रडलं तर उगाळून बेंबीभोवती लाव. यशवंता कारखान्यातून आला की थारोळ्याखाली पाणी सोडायला सांग. मी आणेन ते मुळीचे तुकडे चिखलातच धरतात.

वेखंड आता गोजाक्काकडेच आहे, पण ती तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. तिची म्हैस स्वतःचंच दूध पिते, असं मी चिखलीच्या पारावर सांगितलं होतं. ती म्हणेल, “दौलत्या, आदी पारावर चल. चार मान्सांत खोटं बोललो म्हन, मंग मुळ्या ने.” म्हणेन. मोठ्यानं म्हणेन. पण मुळ्या घेतल्याशिवाय मी परत यायचा नाही.

यंदा वाफा दुप्पट करू. मुळ्या नेणाऱ्या बायकांच्या घरीसुद्धा पाळणेच हलत होते. काल आपलं बाळ रडलं तेव्हा मला ते उमगलं.

मामंजी