धोतरावर न बसलेलं पाखरू

अण्णा,

आज सांगून टाकते. त्या वैशाखात वहीत लिहिलेलं हिरवं पाखरू, पंखांवर दोन तांबडे ठिपके असलेलं, आपल्या परसात कधी आलंच नव्हतं. ते मी रचलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले, तेव्हा काकूने पहिल्याच दिवशी बजावलं, "अगो, माणसं कामाला निघेपर्यंत आत बस हो. सकाळीच तुझं तोंड नको कुणाच्या दृष्टीस." काकू वाईट नव्हती, रीतच तसली, जळली मेली! मी कोठीच्या खोलीत बसून राही. आठव्या दिवशी उजाडता उजाडता तुमची हाक आली, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी. "अगो, बाहेर ये. मला दिसत नाही, पाखरं लिहायची कोणी?"

शाळेतली चित्रकलेची मास्तरकी सुटल्यापासून तुम्हाला हाच नाद. उन्हाळाभर फणसाखाली पांढरं धोतर ताणायचं, मागे कंदील ठेवायचा, आणि सकाळी त्यावर बसलेल्या पाखरांची, म्हणजे पतंगांची, वहीत नोंद करायची. यादी बोटीच्या टपालाने मुंबईच्या एका जाणकारांना जायची. आता मोतीबिंदू झालेला. मी उकिडवी बसून रंग सांगतेय, पंख बोटाने मापतेय, तुम्ही "हं, पुढे" म्हणताय. काका पायऱ्या उतरतात, मला बघतात आणि मुकाट कचेरीला जातात. त्या अर्ध्या तासापुरती मी माणसात असे.

मग पंधरा दिवस नवं काही येईना. तुम्ही म्हणालात, "पुरे करूया का गो?" म्हणजे मला पुन्हा कोठीच. दुसऱ्या सकाळी मी हिरवं पाखरू लिहिलं. तुम्ही इतके हरखलात की त्याच दिवशी माहिती धाडलीत.

उत्तर मलाच वाचून दाखवावं लागलं. असं पाखरू असणं शक्य नाही, आपण आता हा नाद सोडावा. काका हसले, "पोरीने काहीतरी खरडलंन." तुम्ही ताडकन म्हणालात, "तिचा काय संबंध? मीच पाहिलं, मीच सांगितलं. म्हाताऱ्याची नजर चुकली." अण्णा, तुम्हाला तेव्हा ताटातली भाजीसुद्धा ओळखू येत नव्हती. त्या जाणकारांचं पत्र पुन्हा कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन कोठीत जाऊन बसले. तरी हाक आली.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"मग काही नाही, असं लिही. आणि ऊन वर येईपर्यंत बस इथे."

पुढे सहा उन्हाळे बसलो. रोज वाटे, आज सांगावं. धीर झाला नाही, आणि आता हे पत्र धाडायचं तरी कुठे? पण लिहायलाच बसल्येय तर आणखी एक लिहिते. तुमचा लौकिक माझ्यापायी गेला, याचं दुःख मला झालं, पुष्कळ झालं. पण ते मागाहून. पत्राच्या दुसऱ्या सकाळी, तरीही आलेली तुमची हाक ऐकली, तेव्हा आधी मला आनंद झाला होता.