गॉगलवाली घागर

सोलापूर, गुरुवार

ती. महिपतीमामांना पृथ्वीराजचा साष्टांग नमस्कार.

मंगळवारी सकाळी सोनालीनं पेपरातल्या व्यंगचित्रावर बोट ठेवलं, त्या क्षणापासून तुमचा भाचा पहिल्यासारखा राहिलेला नाही. तुमची कंबर कशी आहे? सांगोल्यात टँकर येतो ना? मामीला आणि शेळ्यांना नमस्कार (शेळ्यांना का, ते खाली कळेल). फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता.

सोनाली माझ्या वर्गातली. (कॉलेज मी सोडलं, वर्ग तिथंच आहे.) ते चित्र तिला कौतुकानं दाखवायला चहाच्या टपरीवर मीच घेऊन गेलो. काय चित्र होतं, मामा! आमचे नेते बाळासो, त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, एवढा मोठा की चौकातला कोरडा नळ त्याच्यामागे झाकून गेलेला. बाळासोंना डोळेच नाहीत, नुसते दात. खाली शुभेच्छुकांच्या जागी ओळीनं रिकाम्या घागरी, सगळ्या हसतायत. आणि कोपऱ्यात एक म्हातारी, वर बघतसुद्धा नाही, कात्रीनं फ्लेक्सचा तुकडा कापून शेळीवर पांघरतेय. चार रेघांत अख्खं शहर! हसून हसून मला ठसका लागला. सोनाली हसली नाही. "तिसरी घागर बघ की. गॉगल कुणाचा हाय?" मामा, गॉगल माझा. केसांचा कोंबडाही माझा. "घरात घागरी लई हायत आमच्या, आणखी एक नको," म्हणाली आणि चहा तसाच टाकून गेली.

मी तापलेल्या डोक्यानं थेट बाळासोंच्या ऑफिसात. मोर्चा काढू, पेपर जाळू, असं ओरडतच आत शिरलो, तर बाळासो त्या चित्राला फ्रेम करत होते! "काय बे, पेटतोस कशाला? पेपरात फुकट आलो की! ह्याचाच चाळीस फुटी फ्लेक्स लावू. ती घागर तूच न्हवं? तुला पहिल्या रांगेत घेतो." मी आलो तसा बाहेर पडलो. (त्यांना चित्रात मी दिसलो, ते स्वतः दिसले नाहीत. मला ते दिसले होते, मी दिसलो नव्हतो.) तेव्हापासून जेवण जात नाही.

तुमचा,
पृथ्वीराज

ता. क. : गेल्या वर्षीचा फ्लेक्स तुम्ही शेळ्यांच्या छपरावर टाकायला नेला होता. रविवारी सोनालीचे वडील बोकड बघायला तुमच्याकडं येतायत, सोबत तीही आहे. कृपा करून त्या फ्लेक्सवरचं माझं तोंड शेळ्यांच्या बाजूला करा.

ता. क. २ : आत्ता बाळासोंचा फोन आला, नव्या फ्लेक्ससाठी फोटोग्राफर थांबलाय म्हणून. तोंडावर नाही म्हणून सांगायला निघालोय. वाटेत हे पत्र सांगोल्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं देतो. ऊन फार आहे, म्हणून गॉगल तेवढा घातलाय. कोंबडाही जरा नीट केलाय. हा निघालो, दार लावतो.