मंगळवारची गाढ झोप

मेसा, अ‍ॅरिझोना
१२ जानेवारी २००९

चि. रेनोस,
आईचे आशीर्वाद. हेल्मीमावशीचेही आहेत, तिचा गुडघा नवा बसवला असला तरी जीभ जुनीच आहे.

तू इल्वाकोला आपल्या घरी पोचलास हे कळलं. यापुढे पत्रच लिही. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मला अर्धं ऐकू येत नाही. पत्रात निदान वाक्य तरी पुरं होतं. चुलीत ओली लाकडं घालू नकोस आणि सौनाचं दार जोरात ओढू नकोस, बिजागरी निखळली आहे.

ग्वेनबाईंच्या दवाखान्यात तू सहा आठवडे अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचायला उभा राहणार, हे बरं झालं. मी काही तुला जा म्हटलं नव्हतं. बाईंचे वडील तिकडे व्हरमाँटला आजारी आहेत, त्या गेल्या की दवाखान्याला कुलूप लागेल, आणि माझा मुलगा सिएटलला हेच काम करतो, एवढंच बाईंना आणि तुला सांगितलं. नुसतं सांगितलं. पुढचं तुमचं तुम्ही ठरवलंत.

लोक म्हणतात, चपलांच्या जुन्या दुकानात एकाच खोलीत सात आरामखुर्च्या मांडल्यात आणि सगळे एकत्रच सुया लावून पडलेले असतात. आपल्याला काय माहीत! तुझ्या सिएटलसारखा थाट तिथे नसेल, पण बोटीवर कंबर गेलेल्या माणसाला परवडतो आणि चालत जाता येतं, असा दुसरा दवाखाना गावात आहे कुठे? तेव्हा नाक मुरडू नकोस.

हेल्मी हाका मारते आहे. तिला उशी हवी आहे, किंवा नको आहे. माया आहे तशीच आहे, वेगळी लिहायला नको.

तुझी आई,
आयली

*

इल्वाको
२० जानेवारी २००९

ती. आईस,
रेनोचा सा. न. वि. वि. चूल पेटते आहे, बिजागरी मी बसवली.

तुला खरं सांगू का, मी नाक मुरडलंच. सात खुर्च्या सात तऱ्हेच्या, कुणाकुणाच्या घरातून आलेल्या. लोक आपापली पांघरुणं घेऊन येतात, बाह्या कोपरापर्यंत आणि विजारी गुडघ्यापर्यंत वर करतात, आणि टोचून झालं की डोळे मिटतात. जाग येईल तेव्हा उठायचं. दाराजवळ एक पत्र्याचा डबा आहे. पंधरापासून पस्तीस डॉलरपर्यंत ज्याला जे जमेल ते त्यात टाकायचं, कुणी बघत नाही. सिएटलला महिन्यात येतात तेवढी माणसं इथे आठवड्यात येतात. तिकडे तर मंदीपासून माझं अर्धं वेळापत्रक रिकामंच आहे.

पण पहिल्याच मंगळवारी मी घाण करून ठेवली. उर्होकाका आले होते. झोप लागत नाही म्हणाले. मी शिकलेल्या पद्धतीने खुर्ची ओढून बसलो आणि सगळी प्रश्नावली काढली: पोट, पाणी, घाम, स्वप्नं. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून विचारत होतो आणि तेही ओरडून उत्तरं देत होते. शेवटी मी विचारलं की तुम्ही शेवटचं कधी रडलात. सिएटलला हा प्रश्न लोकांना फार आवडतो. काका तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, मागच्या गुरुवारी, वाण्याकडे, माझी इर्मा होती तेव्हा आणायची त्या कॉफीच्या डब्यासमोर.

आई, बाकीच्या सहाच्या सहा खुर्च्या भरलेल्या होत्या. तिसऱ्या खुर्चीत त्यांच्याबरोबर पत्ते खेळणारा व्हाइनो होता. काकांनी सुया लावून घेतल्या, वीस मिनिटांनी काढायला लावल्या, टोपी घातली आणि गेले. शुक्रवारी आले नाहीत, आज मंगळवारीही नाहीत. मी माफी मागायला जाणार आहे.

आणखी एक. ग्वेनबाईंचा फोन आला होता. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आहे, त्या आता परत येणार नाहीत. एकतीस मार्चपर्यंत कुणी कायमचं मिळालं नाही तर दवाखाना बंद. इतक्या मिळकतीवर इथे कोण येणार, तूच सांग. मलाही सिएटल आहेच.

मावशीला नमस्कार. तू रागावशील हे माहीत आहे, तरी पत्र पाठव.

तुझा,
रेनो

*

मेसा
२६ जानेवारी २००९

चि. रेनोस,
आशीर्वाद आहेतच, पण आज आधी कान धरते.

माफी मागायला अजिबात जाऊ नकोस. माफी मागितलीस म्हणजे तू ऐकलंस असं होईल. त्या खोलीत डोळे मिटलेला माणूस झोपलेलाच धरायचा असतो, मग तो घोरो नाहीतर टक्क जागा असो. सगळ्यांना सगळं ऐकू येतं आणि कुणी काही ऐकलेलं नसतं. त्याशिवाय एका खोलीत आपल्या गावचे सात फिनिश लोक अर्धे पाय उघडे टाकून पडतील का? ग्वेन कुणाला काही विचारत नाही. खुर्चीशी उकिडवी बसते आणि हात पुढे करते. माणूस आपलं मनगट देतो, ती नाडी बघते. ज्याला सांगायचं असेल तो तिच्या कानात सांगतो. खिडकीजवळची खुर्ची मागे करताना किंचाळते, तिथे तर ती हाताने आधार देते, दुसऱ्यांची झोप मोडू नये म्हणून.

असं लोक सांगतात.

उर्होकडे पुल्ला घेऊन जा. वेलदोडा डोळे मिटून दुप्पट घाल, इर्मा तसाच घालायची. पाव टेबलावर ठेव आणि बस. तो सौना तापवेल. तो बोलला तर बोल, नाहीतर तोंड बंद ठेव. लहानपणी तुला चूप बसवायला मी काय काय केलं, देवाला ठाऊक.

दवाखान्याबद्दल वाचलं. त्यावर मी काय बोलणार? तुझं सिएटल तुला. पत्र लहान झालं, हेल्मीच्या जेवणाची वेळ आहे.

तुझी,
आई

*

इल्वाको
४ फेब्रुवारी २००९

ती. आईस,
सा. न. वि. वि. सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं.

पाव ठेवला. काकांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि लाकडं आणायला उठले. दोन तास सौनाच्या वाफेत बसलो. त्यांनी दगड चांगले तापलेत असं सांगितलं, मी हो म्हटलं. एवढंच संभाषण. निघताना त्यांनी शुक्रवारी खुर्ची मोकळी आहे का म्हणून विचारलं.

आणि व्हाइनोची गंमत ऐक. तो त्या आठवड्यात वाण्याकडे, बंदरावर, चर्चच्या पायरीवर जो भेटेल त्याला सांगत सुटला होता की मंगळवारी दवाखान्यात त्याला अशी गाढ झोप लागली, तोफ सुटली असती तरी कळलं नसतं. हे त्याने उर्होकाकांना तीनदा सांगितलं. मग बाकीच्या पाच जणांनाही त्या मंगळवारी गाढ झोप लागल्याचं आठवलं. पोस्टातल्या बाईने तर, ती त्या दिवशी आलीच नव्हती, तरी आपणही मेल्यासारखे झोपलो होतो म्हणून सांगितलं. शुक्रवारी काका आले. मी उकिडवा बसलो, हात पुढे केला. सव्वा तास घोरले. मी त्यांच्याकडे बघत उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

आता दुसरं. काकांचं कार्ड शोधताना खणात त्याच्या मागेच तुझं सापडलं: नीमी, आयली. दोन्ही हात. मंगळवार, शुक्रवार. तीन वर्षं! ग्वेनबाईंच्या अक्षरात पुढे नोंदी आहेत. मुठी मिटत नाहीत. रात्री हात जळतात. जुलैमध्ये लिहिलं आहे: आज बरणीचं झाकण स्वतः उघडलं, दोघी हसलो.

आई, तुला बरणीचं झाकण उघडता येत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. मी वीस वर्षं लोकांचे हात बरे करतो आहे. लोक म्हणतात, लोक सांगतात, म्हणून तू मला दोन पत्रं फसवलंस. मी शंभरदा म्हटलं होतं की सिएटलला ये, तुझ्याकडून मी काय पैसे घेणार आहे? मला वाईट वाटलं आहे आणि रागही आला आहे, आणि ते लपवून लिहिता येत नाही.

उत्तराची वाट बघतो.

रेनो

*

मेसा
१० फेब्रुवारी २००९

चि. रेनोस,
आशीर्वाद. रागावलास तरी ते कमी होत नाहीत.

हे पत्र तीन बैठकांत लिहिते आहे. इथे येऊन पाच आठवडे सुया नाहीत, बोटं पुन्हा आखडायला लागली आहेत. हेल्मी लिहून देते म्हणाली, पण तिने मधे स्वतःचं घातलं असतं.

मी आले होते सिएटलला. तीन वर्षांपूर्वी, वसंतात. नवा कोट दाखवायला आले असं तुला सांगितलं होतं. तुझ्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत फुलांच्या शेजारी बसले होते, हात कोटाच्या खिशात घालून. एकतीस वर्षं कारखान्यात खेकडे सोललेले हात कुणी बघू नयेत म्हणून. समोरच्या मुलीने माझ्या आधीच्या बाईला पंच्याण्णव डॉलर सांगितले. मी मनात म्हटलं, एवढे मला परवडत नाहीत. आणि तू तर फुकट करणार. मग मला दर आठवड्याला तुझ्याकडे फुकट मागायला यावं लागलं असतं, साडेतीन तास बसने येऊन. तुझ्या गिऱ्हाइकांच्या रांगेत बसून. तुला कोट दाखवला आणि परत आले.

मला फुकट नको होतं आणि परवडतही नव्हतं. या दोन्हींच्या मधली जागा मला ग्वेनकडे मिळाली. तिथे मी पंधरा टाकते, नाताळात वीस. शेजारी मासळी कापणारी पोर असते, पलीकडे शाळेचे जुने मुख्याध्यापक. कुणी किती टाकले मला माहीत नाही, त्यांना माझं माहीत नाही. सगळ्यांच्या सुया सारख्याच. तिथे मी कुणाची आई नसते आणि कुणाच्या उपकाराखाली नसते. माझे मीच हात बरे करून घेते.

तुला सांगितलं नाही ते चुकलं. तुला वाटेल आईला मुलाचं काम आवडत नाही. आवडतं रे. फक्त ते माझ्या आवाक्याच्या बाहेर ठेवलेलं होतं.

बोटं थांबा म्हणतात.

आई

*

इल्वाको
१७ फेब्रुवारी २००९

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शेवटचं कधी रडलो असं मला आता कुणी विचारलं तर सांगायला दिवस आहे: परवा, तुझ्या स्वयंपाकघरात.

तो कोट मला आठवतो, हिरवा. कोट छान आहे असं मी म्हटलं आणि घड्याळ बघितलं. तू हात खिशातून काढले नाहीस हेही आता आठवतं. मी तेव्हा विचारायला हवं होतं. जिथे विचारायचं तिथे विचारलं नाही आणि उर्होकाकांना मात्र पन्नास प्रश्न!

रागही आता गेला, पण एक तक्रार आहेच, ती तुझ्या सवयीची. बाबा गेले तेव्हा छप्पर गळत होतं. तू मला नुसतं सांगितलंस की पाऊस फार आहे. मी शिडी घेऊन आलो. मावशीच्या गुडघ्याचंही मला नुसतं सांगितलंस. आणि ग्वेनबाईंचं नुसतं सांगितलंस. चव्वेचाळीस वर्षांत तू मला एक गोष्ट मागितलेली नाहीस. आपल्या आईने आपल्याकडे काहीतरी मागावं असं माणसाला वाटतं, तुला हे कळत नाही का?

दवाखान्याचं मी काहीतरी ठरवलं आहे. काय ते मी सांगणार नाही. या वेळी तू विचारायचं. नुसतं सांगायचं नाही, शेवटी प्रश्नचिन्ह काढायचं. तोवर गप्प बसतो. तूच शिकवलं आहेस.

हात शेकत जा. मावशीला सांग, तिचं स्वतःचं काही असेल तर वेगळं पत्र लिही, मी वाचेन.

तुझा हट्टी,
रेनो

*

मेसा
२४ फेब्रुवारी २००९

चि. रेनोस,
आशीर्वाद.

गुरुवारी ग्वेनचं कार्ड आलं, तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी. तिला काय ठाऊक आपला काय खेळ चालला आहे. तिने सगळं लिहिलं आहे: बारा तारखेला तू तिला फोन करून दवाखाना मी चालवतो म्हणालास, आणि सिएटलचा तुझा हिस्सा भागीदाराला देणार आहेस. ती खूप रडली म्हणते, वडिलांच्या खाटेशी बसून.

मी तारखा बघितल्या. माझं हातांचं पत्र तुला चौदा तारखेच्या आधी मिळणं शक्य नव्हतं, आणि तोवर कार्ड वाचून तू माझ्यावर रागावलेलाच होतास. म्हणजे तू हो म्हणालास ते माझी दया येऊन नाही. ते उर्होसाठी, त्या मासळी कापणाऱ्या पोरीसाठी, गावासाठी. हे कळल्यावर मी हेल्मीच्या अंगणात जाऊन एकटी बसले. मला इतका आनंद क्वचितच झाला आहे.

तेव्हा आता विचारायची काही गरज उरली नाही, उत्तर माझ्या खिशात आहे. हेल्मीही तेच म्हणते. पण तू गावासाठी हो म्हणालास. माझ्यासाठी तुला अजून कुणी विचारलेलं नाही, आणि ते दुसरं कोण विचारणार? सकाळपासून हे एक वाक्य लिहायला बसले आहे. बोटांमुळे नाही.

रेनो, माझ्या हातांसाठी आपल्या गावात राहशील का?

तुझी आई,
आयली