राखेनं घासलेल्या नळ्या

वडगाव निंबाळकर,
७ जानेवारी १९५७

चि. यशोदा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की तुझं कार्ड पोचलं.

दुधाचं कसलं शिक्षण म्हणून पुण्याला गेलीस अन् काचेच्या नळ्या धूत बसलीस. धुणंच शिकायचं तर हितं भांडी काय कमी हायेत? आम्लानं हात सोलले म्हणतेस, म्हणून पुण्याला निघालेल्या गावच्या गेणूबरोबर चुलीतली राख पाठवलीय. फडक्यातनं गाळलीय. तिनं घास. पितळ चकाकतं, काच का न्हाय चकाकणार?

बावड्याचं स्थळ आलंय. मुलगा तलाठी हाय. तुझ्या बापाला, आबाजीला, घाई सुटलीय. मी म्हणाले, पोरीच्या कामाची तपासणी होऊ दे, पास झाली तर तितंच नोकरी लागंल. आबाजी म्हणतो, नापास झाली की तिथनं उचलून आणीन. तवा नीट कर.

मायेत खंड नको.
तुझी आत्या, द्वारका

पुणे,
१९ जानेवारी १९५७

तीर्थरूप आत्यास यशोदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

राख पोचली. हात बरे आहेत, पण काम बिघडलंय.

दूध फाडलं की जो चोथा उरतो, त्यातल्या प्रथिनाला फॉस्फरस चिकटलेला असतो. तो सुटा करून मोजायचा, एवढंच आमचं शिक्षण. शेवटी औषध घातलं की फॉस्फरस असेल तितकं पाणी निळं होतं. शेजारी एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची ठेवतात. ती निळी व्हायलाच नको. माझी तीही निळी झाली! इतर कुणाची होत नाही. शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाई म्हणाल्या, मी एकच चमचा सगळ्या बाटल्यांत बुडवत असेन, माझा हातच अस्वच्छ. मी तसं करत नाही गं. राखेनं आणखी घासून पाहिलं, तर रंग आणखी गर्द.

२८ला तपासणी आहे. भीती वाटते. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी यशोदा

वडगाव निंबाळकर,
२३ जानेवारी १९५७

चि. यशोदा हिस आशीर्वाद.

आपल्या घरची पोर अस्वच्छ? त्या बाईला म्हणावं, एकदा येऊन आमचं मडकं बघ. तू बी अशी कशी? गप ऐकून घेतलंस? आणखी राख पाठवतेय, जोर लावून घास. रडू नको. रडून नळी पांढरी होत न्हाय.

जपून राहा, आत्याला विसरू नको.
द्वारका

पुणे,
३१ जानेवारी १९५७

तीर्थरूप आत्यास शि. सा. नमस्कार, वि. वि.

आता राख पाठवू नकोस. तपासणीच्या आदल्या दिवशी एका कोऱ्या नळीत तुझी राख चिमूटभर टाकून वर औषध घातलं. नीळ घातल्यासारखी गर्द निळी झाली. फॉस्फरस राखेतच असतो, काचेला जरासा राहिला तरी पुरतो. प्रमोदिनीबाईंना जाऊन सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या की चुलीची राख प्रयोगशाळेत आणणारी मी पहिलीच. बाकीच्यांची तपासणी झाली. माझी एकटीची, नव्या नळ्या देऊन, ११ फेब्रुवारीला घेणार आहेत. ती चुकली तर नोकरीची जागा दुसऱ्याला.

पण आबांचं कार्ड आलंय, ११लाच बावड्याची मंडळी मला बघायला येणार, आदल्या दिवशी ये म्हणून. मी आबांना काय लिहू? तूच काहीतरी कर.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
यशोदा

वडगाव निंबाळकर,
१२ फेब्रुवारी १९५७

चि. यशोदा हिस आशीर्वाद.

आली न्हाईस ते बरं केलंस. तुझ्या पत्रावरनं तू येणार न्हाईस हे मी ओळखलं, पण आबाजीला सांगितलंच नव्हतं. तो परवा दिवसभर अन् काल दुपारपर्यंत एसटीची वाट बघत फाट्यावर हुबा. मंडळी आली, पोहे खाल्ले, मुलगी कुठं म्हणाली. मी म्हणाले, तपासणीला बसलीय, बघायचीच असंल तर पुण्याला जाऊन बघा. तलाठ्याची आई तशीच उठली. स्थळ गेलं.

माझ्या राखेनं तुझा इतका घोळ झाला, तर एवढं तरी मी करायचं का न्हाय?

आबाजी माझ्याशी बोलत न्हाय. ताट घेतो, जेवतो, उठतो. म्हणून सांगते ते नीट कर. नापास झालीस तर कार्ड माझ्या नावानं टाक. पास झालीस तर त्याच्या नावानं टाक. मला सांगायला तोंड उघडावंच लागंल त्याला.

माया हाय तशीच असू दे.
तुझी आत्या, द्वारका